उठता उठता

मराठी माणसाला वय विचारू नये. त्याला जमिनीवर बसवावं आणि उठताना बघावं. विशीतला मुलगा मांडी सोडतो आणि उभा राहतो; मध्ये काही घडलं याचा पुरावा सापडत नाही. चाळिशीत एक हात नकळत गुडघ्यावर येतो. पन्नाशीत तोच हात जमिनीवर टेकतो, आणि कुठे टेकायचा ती जागा आधीच हेरून ठेवलेली असते. साठीत माणूस एका अंगावर कलतो, गुडघ्यावर येतो आणि शेजारी कोण बसलंय ते बघतो. भाचा असेल तर त्याचा खांदा, जावई असेल तर भिंत. त्यापुढे उठण्याचा प्रश्नच मिटतो, कारण मांडवात 'काकांना खुर्ची द्या रे' अशी हाक ऐकू येते. पहिल्यांदा येते तेव्हा काका ती खुर्ची नाकारतात. दुसऱ्यांदा 'उगाच तुमच्या आग्रहाखातर' म्हणून टेकतात. तिसऱ्यांदा स्वतःच ओढून घेतात.

उठण्याला आवाजाची साथ असते. कुणी 'आई गं' म्हणतं, कुणी 'विठ्ठला', कुणी नुसतंच 'हं'. ओळखीच्या एक बाई उठताना जावेचं नाव घेतात. त्यामागे माया आहे की आणखी काही, हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. या आवाजांना शरीरशास्त्राचा चांगला आधार आहे. जड काही उचलताना आपण श्वास कोंडतो, आणि स्वतःचा साठ-सत्तर किलोंचा देह हे जडच ओझं. श्वास कोंडला की पोट टणक होतं आणि पाठीच्या कण्याला पुढून टेका मिळतो. जोर संपत आला की कोंडलेला श्वास सुटतो आणि जाता जाता स्वरयंत्र वाजवून जातो. त्या वाऱ्याला नाव कुणाचं द्यायचं, ते ज्याच्या त्याच्या घरच्या वळणावर.

हे सगळं मी थट्टेवारी नेतोय असं वाटेल, पण ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोच्या डॉ. क्लॉडिओ गिल आराउजो यांनी जमिनीवर बसण्या-उठण्याची रीतसर परीक्षाच बेतली आहे. गुण दहा. पाच बसण्याचे, पाच उठण्याचे. हात टेकला, एक गुण गेला. गुडघा टेकला, आणखी एक. डुगडुगलात, अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं बसवून उठवलं आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना गुण फार कमी पडले होते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. याचा अर्थ भिंतीला हात लावला की यमाने चप्पल पायात सरकवली, असा घ्यायचा नाही. जमिनीवरून उठायला ताकद लागते, सांधे मोकळे लागतात आणि तोल लागतो. तिन्हींची झडती एकाच फेरीत होते, एवढंच. आपल्याकडे ही परीक्षा वरण-भातासकट होत असे आणि निकाल वाढपी बघत.

माझं कुतूहल मात्र गुणांपुरतं नाही. 'मी उठलो' या दोन शब्दांत 'मी'चा वाटा किती, हा माझा प्रश्न आहे. उठावं असं मनात येतं, इथपर्यंत कबूल. पुढचं सगळं कोण करतं?

सुरुवात हाडांपासून करू, कारण हाडांबद्दल आपला गैरसमज सगळ्यात जुना. मेडिकलच्या पहिल्या वर्षाची मुलं हॉस्टेलवर 'हाफ सेट' बाळगतात, म्हणजे अर्ध्या सांगाड्याची सुटी हाडं. नात्यातल्या एका मुलीने सुट्टीत घरी येताना असा सेट बरोबर आणला. खोक्यात वरच मांडीचं हाड होतं, दुधी पिवळं, टोकाशी झिजून गुळगुळीत झालेलं, आणि मधोमध कुणा जुन्या विद्यार्थ्याने बॉलपेनने आखलेल्या रेघा, कुठला स्नायू कुठे चिकटतो ते दाखवणाऱ्या. तिच्या आजीने तो खोका बाल्कनीत ठेवायला लावला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि विचारलं, ''कुणाचं गं हे?'' नात गप्प. फीमर कसं ओळखायचं, डावं की उजवं, सगळं तिला पाठ होतं. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

अशी कोरडी, खडखडीत हाडं बघून आपल्याला वाटतं, आतली हाडंही अशीच असणार: एकदा उभारली की संपलं. जिवंत हाड ओलं असतं, गुलाबी असतं, त्यातून रक्त खेळतं, आणि तिथे सतत मोडतोड आणि दुरुस्ती चालू असते. एका जातीच्या पेशी जुनं हाड खातात, दुसऱ्या जातीच्या पेशी मागोमाग नवं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा दहा टक्क्यांच्या आसपास भाग दरवर्षी असा नवा होतो. तेव्हा भावकीतलं हाडवैर दहा-बारा वर्षांहून जुनं असेल, तर ज्या हाडांनी ते धरलं होतं त्यातली बरीचशी केव्हाच बदलली, हे दोन्ही पक्षांच्या वकिलांना कुणीतरी सांगायला हवं. खुबा, कणा, बरगड्या आणि छातीचं हाड यांच्या आतल्या मज्जेत तर रक्ताचा कारखानाच आहे. दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी. पंगतीत वाढपी 'भात घ्या, भात' करत आपल्या पानापुढून पुढे सरकेपर्यंत, नाही म्हणणाऱ्याच्याही हाडांत कोटभर पेशी तयार झालेल्या असतात.

आणि हाडं किती? मोठ्या माणसात २०६, हे शाळेत घोकलेलं असतं. त्यातली १०६ नुसत्या हातापायांच्या पंजात, म्हणजे निम्म्याहून जास्त माणूस चपला आणि हातमोज्यांत मावतो. तान्ह्या बाळात हा आकडा तीनशेच्या घरात असतो. पुढे हाडं एकमेकांना जुळत जातात. कमरेखाली पाच मणके मिळून एक त्रिकास्थी होतं, त्याखालचे चिमुकले मणके मिळून माकडहाड. आजी ज्या टाळूवर तेल जिरवते, ती कवटीच्या हाडांमधली न भरलेली जागा; दीड-दोन वर्षांत तीही भरते. थोडक्यात, वय वाढतं तशी हाडं कमी होत जातात. वाढतात ती फक्त दुखणारी.

सुश्रुतसंहितेतही हाडांची मोजदाद आहे. चरकाच्या परंपरेत हाडं ३६०. सुश्रुत तो आकडा नोंदवतो आणि म्हणतो, आम्हा शल्यवाल्यांच्या हिशेबी ३००. त्याने दात आणि कूर्चाही धरल्या आहेत, म्हणून आकडा मोठा. पण मला आकड्यापेक्षा त्याची पद्धत मोलाची वाटते. प्रेत गवताने गुंडाळून पिंजऱ्यात घालायचं, संथ वाहत्या पाण्यात आडजागी सात रात्री ठेवायचं, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू एकेक थर खरवडायचा आणि प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघायची. ग्रंथात लिहिलंय म्हणून मानू नका, जाऊन बघा, असं सांगणारा हा माणूस पुढे स्वतःच ग्रंथ होऊन बसला आणि लोक बघायचे थांबले. ते असो.

हाडांचा आणखी एक स्वभाव आहे. ओझं दिलं तर ती भरतात, लाड केले तर झिजतात. यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये हे नियमाच्या रूपात मांडलं. टेनिस खेळणाऱ्याचं रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हाताच्या हाडाहून जाड असतं. उलट अंतराळवीरांना वजनच नसतं, त्यामुळे त्यांच्या खुब्याच्या आणि कण्याच्या हाडांतला महिन्याला सुमारे एक टक्का ऐवज निघून जातो, आणि म्हणून ते बिचारे तिकडे रोज दोनेक तास व्यायाम करतात. आपण तेवढे तास सोफ्यावर घालवतो. सोफा हा मध्यमवर्गाला परवडणारा अंतराळप्रवास आहे.

सांध्यांबद्दल एकच सांगतो. 'बोटं मोडू नकोस, सांधे सुजतील' हे वाक्य आपल्याच आज्या-मावश्यांचं आहे असा माझा समज होता. अमेरिकेत डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांना हेच त्यांच्या आईने, अनेक मावश्या-आत्यांनी आणि पुढे सासूबाईंनी ऐकवलं होतं. या गृहस्थाने काय करावं? पन्नास वर्षं रोज किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याला हात लावला नाही (म्हणजे डावा लावला नाही), आणि १९९८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून कळवलं की दोन्ही हात सारखेच ठणठणीत आहेत. २००९ मध्ये त्यांना इग्नोबेल पारितोषिक मिळालं. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे, पण सासूबाईंना उत्तर द्यायला पन्नास वर्षं धीर धरणारा जावई मला वंदनीय वाटतो. बोटांतला तो 'कट्' हाडाचा नसतोच. सांध्यात वंगण असतं, सांधा ताणला की आतला दाब उतरतो आणि त्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. म्हणून एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही. वीसेक मिनिटं जावी लागतात.

पण हाडं स्वतःहून हलत नाहीत. ती हलवायला स्नायू लागतात, आणि स्नायूंना जगात एकच गोष्ट येते: ओढणं. ढकलणं त्यांना जमतच नाही. घाटात बंद पडलेली जीप चारजण 'हइशा' करत ढकलतात तेव्हासुद्धा त्यांच्या अंगातला प्रत्येक स्नायू ओढतच असतो. दंडाच्या पुढचा स्नायू ओढला की हात दुमडतो आणि पोरं बेटकुळी दाखवतात. मागचा ओढला की हात सरळ होतो आणि जीप पुढे जाते. बेटकुळीचं कौतुक होतं, मागच्याला कुणी विचारत नाही.

ओढतात म्हणजे काय करतात, हे बरीच वर्षं कोडं होतं. १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन लेख लागोपाठ आले. एक अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. दोन हक्सले, दोघांचं नातं काही नाही, निष्कर्ष एक. स्नायूच्या आत मायोसिनचे जाड तंतू आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू असतात. स्नायू आखडतो तेव्हा यातला एकही तंतू आखूड होत नाही, ते नुसते एकमेकांत सरकतात. जाड तंतूंना बारीक बारीक हात असतात. ते बारीक तंतूला धरतात, खेचतात, सोडतात, पुन्हा धरतात. आणि गंमत ही, की ऊर्जा लागते ती सोडायलाही. ऊर्जा संपली की धरलेलं सुटत नाही. माणूस गेल्यावर काही तासांनी देह ताठ होतो तो याचमुळे.

जमिनीवरून उठताना मुख्य काम दोघांवर पडतं. एक मांडीचा पुढचा स्नायू, चार स्नायूंची जुडी. तो गुडघ्याच्या वाटीवरून खाली उतरून नडगीला धरतो आणि पाय सरळ करतो. वाटी तिथे बसवली आहे ती त्याची ओढ चांगली लागू पडावी म्हणून. दुसरा म्हणजे बसायला वापरतो तो. शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, आणि त्याचं खरं काम खुबा सरळ करून आपल्याला उठवणं, चढवणं, पळवणं. ज्याच्या जोरावर उठायचं त्याच्यावरच आपण दिवसाचे आठ-दहा तास बसून राहतो आणि मग ऐन वेळी त्याच्याकडून तत्परतेची अपेक्षा करतो.

खुर्चीतून उठतानाही आधी पुढे वाकावं लागतं, कारण अंगाचा भार पावलांवर आल्याशिवाय कुणालाच उठता येत नाही. खरं वाटत नसेल तर खुर्चीत पाठ टेकून बसलेल्या माणसाच्या कपाळाला एक बोट लावून ठेवा आणि म्हणा, ''डोकं पुढे न आणता उठा.'' पैलवान असला तरी उठणार नाही. पाहुण्यांना जेवूनच जा म्हणताना या युक्तीचा उपयोग कुणी का करत नाही, कळत नाही.

स्नायू कामाला लावले की दुसऱ्या दिवशी बोलतात. रायगड पायऱ्यांनी चढून उतरलेला माणूस त्या रात्री खुशीत असतो. खरा प्रसाद मिळतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मांड्या भरून येतात आणि जिना उतरताना कठडा धरून तो आडवा आडवा चालतो. 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय' असं त्याला जिममधला कुणीतरी सांगतो. ते अ‍ॅसिड तासा-दोन तासांतच रक्तातून निघून गेलेलं असतं. दुखतं ते तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि त्या इजा चढताना कमी, उतरताना जास्त होतात. कारण उतरताना मांडीचा स्नायू भार पेलता पेलता लांबत असतो. चढण दम काढते, उतरण सूड घेते.

पोटरीत गोळा येण्याबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. मध्यरात्री ज्याला आलाय त्याला वर्णनाची गरज नाही. पायाचा अंगठा आपल्याकडे ओढायचा, पोटरी ताणली की गोळा सुटतो; घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं हे औषध बरोबर आहे.

आता या सगळ्यांना हुकूम कोण देतं? तारा कुठून येतात? एके काळी समजूत होती की मज्जातंतूतला निरोप इतका झटपट जातो की त्याचा वेग मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. योहानेस म्युलर या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाचं असंच मत होतं. त्याच्याच शिष्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झने, १८५० मध्ये बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेऊन तो वेग मोजला. सेकंदाला तीस मीटरांच्या जरा आत. म्हणजे तासाला शंभरेक किलोमीटर, आपली बरी मेल एक्स्प्रेस. आपल्या अंगातले सगळ्यात वेगवान तंतू याच्या तिप्पट-चौपट वेगाने निरोप नेतात. आणि सगळ्यात सुस्त तंतू सेकंदाला मीटरभर, म्हणजे सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांच्या वेगाने.

हे सुस्त तंतू कुठे भेटतात? रात्री पाणी प्यायला उठा, दिवा न लावता. दिवाणाचा पाय आणि आपल्या पायाची करंगळी यांची गाठ पडते. आधी 'खट्' असा तीक्ष्ण, नेमका निरोप येतो: करंगळी, डावी, आपटली. हा मधल्या वेगाच्या तंतूंनी आणलेला. मग क्षणभर काहीच नाही. अंधारात एका पायावर उभा राहिलेला माणूस तांब्या घट्ट धरतो, कारण काय येणार आहे ते त्याला ठाऊक असतं. आणि मग ती येते, खोल, जड, ठणकणारी, करंगळीपासून निघून पायी पायी डोक्यापर्यंत पोचलेली. ती यायला सेकंदभर किंवा थोडा अधिक वेळ लागतो. दुःखाची पूर्वसूचना निसर्ग देतो. मात्र सेकंदभर आधी.

या हुकमांतले कितीतरी हुकूम मेंदूकडून आलेलेच नसतात. 'याचा मेंदू गुडघ्यात आहे' ही आपल्याकडची शिवी, पण गुडघ्याचं काम मेंदूवाचून मजेत चालतं. डॉक्टर वाटीखाली हातोडी मारतात आणि पाय टुणकन उडतो, हे १८७५ मध्ये जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी, स्वतंत्रपणे, एकाच वर्षी छापलं. हातोडीने मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, वार्ता पाठीतल्या मज्जारज्जूपर्यंत जाते, तिथूनच हुकूम फिरतो. मेंदूला कळतं ते पाय उडून गेल्यावर. उभ्या माणसाचे गुडघे जरा लचकले की ते सावरायलाही हीच व्यवस्था हातभार लावते, नाहीतर रांगेत उभं राहणाऱ्या देशाचं काही खरं नव्हतं.

तव्याला बोट लागलं की हात मागे येतो, तोही असाच, विचार व्हायच्या आधी. तरी या नियमाला अपवाद आहे आणि तो मी स्वयंपाकघरात पाहिलाय. दूध उतू चाललेलं. सांडशी हाताशी नाही. बाईने पदराचं टोक चिमटीत धरून पातेलं उचललं. पदर पातळ, पातेलं लाल. हात मागे यायला हवा होता. आला नाही. चार पावलं चालून तिने पातेलं ओट्यावर ठेवलं, नीट, एक थेंब न सांडता, आणि मग बोटं कानाच्या पाळीला लावून जो काही शब्द उच्चारायचा तो उच्चारला. मज्जारज्जू हात सोड म्हणत होता आणि मेंदूने वरून त्याला दाबून धरलं होतं: लिटरभर दूध आहे. 'मी' नावाचं कुणीतरी खरंच आहे, याचा एवढा ठोस पुरावा मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात सापडलेला नाही.

एरवी मात्र या 'मी'ला कुणी फारसं विचारत नाही. भारनियमनाच्या दिवसांत ऐन जेवणात दिवे जात. काळोखात कुणाचा घास नाकात गेल्याचं ऐकिवात नाही. हात कुठे आहे, तोंड कुठे आहे, हे डोळ्यांवाचून सांगणारी एक संवेदना स्नायूंत आणि सांध्यांत असते. चार्ल्स शेरिंग्टनने १९०६ मध्ये तिला 'प्रोप्रिओसेप्शन' असं नाव दिलं. शाळेत पाच इंद्रियं शिकवतात त्यात ही नाही. उभ्याने हात वर करून बघा. हाताच्या आधी पायांचे स्नायू कामाला लागलेले असतात, कारण हात पुढे गेला की तोल जाणार हे त्यांना आधीच ठाऊक. सभेत आपण हात वर करणार आहोत, हे आपल्या पोटरीला आपल्या हातापेक्षा आधी कळतं.

मेंदूत पेशी किती, हाही असाच मोजणीचा मामला. वर्षानुवर्षं पुस्तकांत दहा हजार कोटी छापत आले. सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मेंदू विरघळवून त्याचं एकसारखं पाणी केलं, त्यातली केंद्रकं मोजली आणि २००९ मध्ये आकडा जाहीर केला: सुमारे ८,६०० कोटी. हीही मंडळी रिओ दी जानेरोचीच. एकीकडे माणसं उठवून मोजायची, दुसरीकडे मेंदू विरघळवून, त्या शहराला मोजणीचा नाद असावा. पण मला थक्क केलं त्या आकड्याच्या वाटणीने. यातल्या ६,९०० कोटी पेशी, म्हणजे पाचांतल्या चार, मानेच्या वर मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत आहेत, ज्याचं मुख्य काम हालचाली नेमक्या करणं आणि तोल राखणं. विचार, आठवणी, मानापमान, कुणाच्या लग्नात कुणी किती आहेर केला हे सगळं जिथे चालतं, त्या मोठ्या मेंदूच्या सालीच्या वाट्याला १,६०० कोटी.

म्हणजे आपण लग्नघरातल्या यजमानासारखे. मांडव कुणी घातला, आचाऱ्याला तूप कुणी काढून दिलं, रुसलेल्या आत्याबाईंना कुणी समजावलं, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. तो उपरणं सावरत दारात उभा. लोक येऊन म्हणतात, ''छान झालं हो कार्य!'' आणि तो हात जोडून म्हणतो, ''तुमचे आशीर्वाद.'' 'मी उठलो' हे वाक्य त्याच जातीचं.

यजमानाला खरी किंमत कळते ती कुणी एक माणूस गैरहजर राहिला की. बराच वेळ मांडी घालून बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने हाडाला चिकटून जाणारा मज्जातंतू दाबला जातो. रक्त अडलं असं आपण म्हणतो, पण मुख्य तक्रार या तंतूची. आधी पाऊल गप्प होतं. मग पाय सोडला की दाबून ठेवलेले निरोप वेडेवाकडे, कसेही यायला लागतात, त्याच मुंग्या. तेवढ्या वेळापुरतं पाऊल आपलं नसतं. कीर्तन संपलं म्हणून घाईने उठलेला माणूस अशा पावलावर भार देतो आणि शेजारच्याच्या मांडीवर बसतो, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पाय हलवा, मिनिटभर थांबा, मग उठा.

तेव्हा लग्नाच्या हॉलवाल्यांना आणि त्यांच्याशी बोलणी करणाऱ्या मुलीकडच्या मंडळींना एक विनंती. टेबल-खुर्च्या मांडा, बुफेही ठेवा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना सन्मानाने खुर्ची द्या. पण एका कोपऱ्यात चार सतरंज्या टाका, पाट मांडा, आणि ज्यांना अजून जमतंय त्यांची एक पंगत जमिनीवर बसवा. पन्नाशीच्या पुढच्यांना पहिला मान. फक्त वाढप्यांना आधी सांगून ठेवा, पान उचलायची घाई करू नका. या पंगतीला जेवायला वीस मिनिटं लागतील आणि उठायला दहा.